‘हलू नका’पासून ‘लगेच निघा’पर्यंत : हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांचा इतिहास



आपल्या कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरताना काही वाटत नाही. वर येताना मात्र एखाद्याच्या छातीवर दडपण येतं, दरदरून घाम फुटतो, डावा हात भरून येतो. सोबतचे काय म्हणतात? ‘गॅस झाला असेल, सोडा घ्या. घरी जाऊन आडवे व्हा, हलू नका.’

आज या ‘हलू नका’चा इतिहास सांगायचा आहे. कारण हा सल्ला अडाणीपणातून आलेला नाही. एके काळी जगातले नामांकित डॉक्टर हाच सल्ला देत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समज असा होता, की हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली म्हणजे माणूस संपला. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवून दिलं, की असा रुग्ण जगू शकतो आणि त्याचं निदान जिवंतपणी करता येतं. उपाय मात्र एकच होता, विश्रांती. हृदयाचा मेलेला स्नायू भरून यायला काही आठवडे लागतात, तोवर त्याच्यावर ताण नको, हा त्यामागचा विचार. म्हणून चार-सहा आठवडे खाटेवर. कूससुद्धा दुसऱ्याने बदलून द्यायची, घासही दुसऱ्याने भरवायचा. झालं असं, की पडून पडून पायांत रक्ताच्या गुठळ्या होत आणि त्या फुप्फुसात जाऊन माणसं दगावत.

१९५२ साली बोस्टनचे सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच खुर्चीत बसवलं. आज यात विशेष वाटत नाही, पण तेव्हा ते धाडस होतं. पुढे १९६० साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी छाती दाबून बंद पडलेलं हृदय कसं सांभाळायचं ते दाखवलं. त्यानंतर विजेचा झटका देणारी यंत्रं हाताशी असलेले, चोवीस तास ठोक्यांवर नजर ठेवणारे विभाग, म्हणजे आपण ज्याला आयसीसीयू म्हणतो ते, सुरू झाले. ठोके बिघडून होणारे मृत्यू त्यामुळे बरेच कमी झाले.

पण बघा, इथवर मूळ गुठळीला कोणी हात लावलेला नव्हता. झटका येताना रक्तवाहिनीत गुठळी असते, की ती नंतर होते, यावरच वाद होता. १९८० साली अमेरिकेत डीवूड आणि सहकाऱ्यांनी झटका आल्यापासून चार तासांच्या आत रुग्णांची अँजिओग्राफी केली. शंभरातल्या ८७ जणांची रक्तवाहिनी पूर्ण बंद! वाद मिटला.

गुठळी विरघळवणारं औषध तर केव्हाचं सापडलेलं होतं. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमधला तो गुण विल्यम टिलेट यांनी १९३३ सालीच नोंदवला होता. १९८६ साली इटलीतल्या ११,८०६ रुग्णांच्या चाचणीने सिद्ध केलं, की स्ट्रेप्टोकायनेजमुळे जीव वाचतात आणि जितकं लवकर द्यावं तितका फायदा जास्त. दोन वर्षांनी १७,१८७ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत त्याला साध्या ॲस्पिरिनची जोड मिळाली. पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू शेकडा १३.२ वरून ८ वर आले.

इथे ‘हलू नका’चा अर्थ उलटा झाला. आठवड्यांचा हिशेब मिनिटांवर आला.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. १९९५ साली डॉ. अभय बंग यांना गडचिरोलीत झटका आला. ते स्वतः डॉक्टर, तरी उपचारांसाठी त्यांना नागपूर गाठावं लागलं. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक त्यातूनच आलं. अंतर किती महत्त्वाचं असतं, हे इथे कोणाला वेगळं सांगायला नको.

१९७७ साली झुरिकमध्ये ग्रुंटझिग यांनी सुरू केलेली अँजिओप्लास्टी आज सर्वोत्तम उपचार आहे, पण वेळेत झाली तर. दोन तासांच्या आत ती होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं आणि मग रुग्णाला पुढे पाठवावं, असा आजचा नियम आहे. कळंबहून यवतमाळ वीस-पंचवीस किलोमीटर, नागपूर सव्वाशेच्या आसपास. म्हणजे हा नियम जणू आपल्यासाठीच आहे. टेनेक्टेप्लेज नावाचं औषध तर शिरेतून एकाच वेळी देता येतं आणि ते आपल्या पुण्यातही बनतं. अर्थात, ईसीजी काढून, रक्तस्रावाचा धोका तपासून डॉक्टरांनीच ते द्यायचं.

२०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. रुग्णाला चालवू नका, गाडी चालवायला बसवू नका. तेवढ्यापुरतं ‘हलू नका’ आजही खरं आहे. पण घरात थांबू नका. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात आधी पोहोचा.

१९१२ च्या डॉक्टरांकडे वाट पाहण्याखेरीज काही नव्हतं. आपल्याकडे आहे. तरी घराघरांत सल्ला अजून त्यांच्याच काळातला चालतो. तेवढा बदला, एवढंच सांगायला आलो होतो.

प्रश्न असतील तर विचारा.