फुरसत कोणाची, ओझे कोणाचे? : कर्जत-खालापूरच्या सहलींचा इतिहास

सहल हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांतून फार निरागसपणे वावरतो. हिरवे डोंगर, धबधबा, डबे उघडून बसलेली मंडळी आणि संध्याकाळची परतीची गाडी. या चित्रात राबणारा माणूस कुठेच नसतो. मी कर्जत तालुक्यात शिक्षक म्हणून पंचवीस वर्षे काढली. त्या काळात मुंबई कल्याणपर्यंत आली, कल्याणहून बदलापूरला आली आणि आता आमच्या भातखाचरांत उभी आहे. महानगराला घरासाठी जमीन लागते, तहानेसाठी धरण लागते, दिव्यासाठी वीज लागते आणि थकल्यावर विसाव्यासाठी डोंगर लागतो. यांतले पुष्कळसे त्याने कर्जत-खालापूरकडून घेतले. या देवघेवीचा हिशोब मांडला तर सहल ही निरागस गोष्ट राहत नाही. कोणाला फुरसत मिळाली आणि त्या फुरसतीचे ओझे कोणी वाहिले, या वाटणीचा तो इतिहास ठरतो.

सुरुवात साधारणपणे १८५० पासून केली जाते. त्या वर्षीच्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्काम करून होता. तिथून तो डोंगर चढला आणि माथेरानचा 'शोध' लागला. चौक आज खालापूर तालुक्यात आहे. शोध हा शब्द येथे तपासून घेतला पाहिजे. माथ्यावरचे ते रान ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या पायाखालचे होते. लाकूडफाटा, मध, गुरांची चराई यांसाठी त्यांची रोजची ये-जा होती. ज्या जागेवर माणसे पिढ्यान्पिढ्या जगतात ती जागा साहेबाने पाहिल्यावर सापडली असे म्हणणे म्हणजे त्या माणसांना हिशोबातून वगळणे. पुढे टोकांना आणि तलावाला नावे पडली, तीही लुइझा, अलेक्झांडर, शार्लोट. सरकारी लेखणीने मॅलेटबरोबर गेलेल्या चौकच्या पाटलाची आठवण ठेवली. त्याच्या खाली उतरायची तिला गरज वाटली नाही.

त्या काळच्या गावगाड्यात सरकारी माणसाची फिरती म्हणजे काय होते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. साहेब आला की त्याचे सामान पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत पोचवणे, वाट दाखवणे, घोड्याला वैरण आणणे ही वतनदार महाराची कामे होती. वेठ होती ती. मोबदला म्हणून वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे बिल मांडले, त्यामागे हीच वेठ होती. चोवीस तास सरकारच्या आणि गावाच्या हाकेला बांधलेला माणूस स्वतःच्या वेळेचा मालक नसतो आणि ज्याची वेळ त्याची नाही त्याला माणूसपणही पुरते मिळत नाही. वेठीने फिरणारा साहेब आणि सहलीला येणारा शहरी माणूस एक नव्हेत, हे मला मान्य आहे. शहरी माणूस पैसे देतो. पण ओझे कोणाच्या डोक्यावर जायचे याचा निर्णय त्याच्या येण्याआधीच झालेला असतो आणि तो जातिव्यवस्थेने केलेला असतो.

सहल सर्वांच्या आवाक्यात आणली ती रेल्वेने. १८५६ साली गाडी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली आणि पुढे बोरघाट आडवा आला. त्याच वर्षी घाटाचे काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ च्या सुमारास या एका घाटावर बेचाळीस हजार माणसे राबत होती. पटकीने, तापाने, सुरुंगाने, कड्यावरून कोसळून त्यांतली हजारो मेली. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली येथे येताच आजारी पडून वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुरे करवून घेतले. तिच्या धैर्याची नोंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण टोपलीभर खडी डोक्यावर घेऊन त्याच कड्यावर चढलेल्या बायांपैकी एकीचेही नाव आपल्याला कोणी सांगत नाही.

ही माणसे मुकी मात्र नव्हती. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी घाटातले मजूर उठले आणि गोऱ्या मुकादमांवर धावून गेले. या असंतोषाची दखल सरकारला घ्यावी लागली. सार्वजनिक बांधकामांवरच्या मजुरीचे तंटे झटपट निकालात काढण्यासाठी १८६० चा नववा कायदा आला, त्याच्या पाठीशी बोरघाट होता. गिरणगावातले संप उभे राहण्याच्या कितीतरी आधी या डोंगरात कामगारांनी आवाज उठवला होता. आपल्या चळवळीच्या इतिहासात या उठावाला अजून जागा मिळालेली नाही.

त्याच घाटाच्या पायथ्याशी, राजमाचीच्या कुशीत, कोंडाणे लेणी आहेत. पावसाळ्यात तिथे सहलींची झुंबड उडते. दोन हजार वर्षांपूर्वी, बौद्ध भिक्खूंच्या वर्षावासासाठी हा डोंगर कोरला गेला. तेथे दर्शनी भागात ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. कान्ह याचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच त्यात म्हटले आहे. मी विद्यार्थ्यांना तो लेख मुद्दाम दाखवीत असे. ज्याने छिन्नी चालवली त्याचे नाव दगडात राहू शकले. मग एकोणिसाव्या शतकातल्या बेचाळीस हजारांची नावे कुठे गेली, हा प्रश्न मुले आपणहून विचारत. इतिहासाचा तास तिथून सुरू होई.

१९०७ साली नेरळहून माथेरानला छोटी गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ती बांधली. गाडीने चढाचे कष्ट वाचवले, पण स्टेशनापासून बंगल्यापर्यंतचा रस्ता उरलाच. तिथे हमाल, घोडेवाले आणि हातरिक्षावाले लागत राहिले. एक माणूस पुढून ओढतो, बाकीचे मागून ढकलतात आणि वर तिसराच कोणी बसलेला असतो. तांबड्या मातीच्या चढावर, मे महिन्याच्या उन्हात, जूनच्या चिखलात. माथेरानला मोटारी नाहीत याचे केवढे कौतुक होते! २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि वाहनबंदीला कायद्याचा आणखी आधार मिळाला. जंगल वाचले पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण यंत्राने हवा बिघडते म्हणून यंत्र नको आणि त्याच्या जागी माणूस जुंपला तर चालेल, हा कोणता न्याय?

येथे बाबासाहेबांचा एक विचार आठवावा लागतो. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. पशूसारख्या राबणुकीतून माणसाला सोडवायचे तर यंत्र हवे, कारण यंत्रामुळे फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती संभवत नाही, असा त्यांचा मुद्दा. फुरसत हा त्यांच्या दृष्टीने चैनीचा विषय नव्हता. पुस्तक वाचण्याचा, सभेला जाण्याचा, मुलाशी बोलण्याचा तो अवकाश होता. आमच्या डोंगरांनी शहराला असा अवकाश दीडशेहून अधिक वर्षे पुरवला. डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला त्यातला किती आला?

विजेचेही तसेच. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले आणि १९२२ साली कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजगृह त्याला येऊन मिळाले. तारा आमच्या शिवारावरून गेल्या. खालच्या वाड्यांत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चिमण्याच जळत होत्या. १९४२ साली भाई कोटवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले, ही गोष्ट आम्ही स्वातंत्र्यलढ्याचा प्रसंग म्हणून शिकवतो. कोटवाल माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मले होते. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. कर्जत तालुक्यात त्यांनी शाळा काढल्या, सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारे उभारली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सहलीच्या गावात श्रमकरी जातीत जन्मलेल्या या माणसाला शहर आणि डोंगर यांचा व्यवहार आतून ठाऊक होता, हे त्या मनोऱ्यांकडे पाहताना विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतर व्यवहाराचे रूप पालटले. लोकलने गिरणी कामगार आणि कारकून आले, मग द्रुतगती महामार्गाने मोटारवाले आले. तो महामार्ग २००२ साली पुरा झाला. २०१३ साली खालापूर तालुक्यात इमॅजिकासारखे मनोरंजनाचे नगर उभे राहिले. नदीकाठी फार्महाऊसे झाली आणि कुंपणे आली. अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमीन विकली की वाडीच्या पायाखालची धरती हलते. कुंपणाच्या आत राखणदार, मोलकरीण, माळी म्हणून काम मिळते, हे खरे. पण काल ज्या पाण्यावर मासे धरले त्याच पाण्याकडे आज कुंपणाबाहेरून पाहावे लागते. कोलाबा जिल्ह्यातल्या महाडला १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह झाला. त्या जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न नाव बदलून सुटला नाही.

शाळेत 'माझी सहल' हा निबंध दरवर्षी घालावा लागे. एका ठाकरवाडीतल्या मुलीने लिहिले होते की पावसाळ्यातल्या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे येतात, आई त्यांना भाकरी करून घालते, भाऊ पिशव्या उचलून धबधब्यापर्यंत नेतो आणि म्हणून तिला रविवारी अभ्यासाला वेळ मिळत नाही. सहलीला ती कधी गेलेली नव्हती. सहल तिच्या घरी येत होती. मराठी निबंधाच्या ठरीव साच्यात तिचे लिखाण बसत नव्हते. समाजशास्त्र म्हणून ते अचूक होते.

अशीच एक वाडी इर्शाळगडाच्या उतारावर होती. गिर्यारोहकांना तिथल्या घरांत जेवण मिळे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि ठाकरांची इर्शाळवाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाडीला रस्ता नव्हता. मदतीची माणसे रात्रीच्या पावसात डोंगर चढून पायी गेली. खाली मोरबे धरण आहे, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. पाण्याला शहराकडे जायची वाट सापडली होती. शहराकडून वाडीकडे यायला रस्ता मात्र सापडला नव्हता.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षांबाबत निर्णय दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा अमानवी ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करावे, निधी नाही ही सबब चालणार नाही, असे बजावले. हा निर्णय आभाळातून पडलेला नाही. हातरिक्षावाल्यांनी स्वतः ई-रिक्षांची मागणी लावून धरली होती. यंत्र हवे म्हणणारा श्रमिक बाबासाहेबांचाच मुद्दा मांडत होता, त्याने तो ग्रंथ वाचलेला असो वा नसो.

आता काळजी घ्यायची आहे ती मालकीची. न्यायालयाने गुजरातमधल्या केवडियाच्या योजनेचा दाखला दिला आहे. तिथे ई-रिक्षा भाड्याने दिल्या जातात. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे पंजाबच्या सायकलरिक्षा ओढणाऱ्यांचे प्रकरण आले, तेव्हा त्यांनी ओढणाऱ्यालाच कर्ज मिळून तो रिक्षेचा मालक होईल अशी व्यवस्था लावली होती. गवई यांच्या पीठाने त्या निकालाचा उल्लेख केला आहे. कार्यकर्त्यांनी त्याचाच आग्रह धरावा. रिक्षा विजेवर चालली आणि तिची कमाई दुसऱ्याच्या खिशात गेली, तर खांद्यावरचे ओझे उतरेल, मानेवरचे उतरणार नाही. जो वाहतो त्याच्या नावावर वाहन, जो राहतो त्याच्या नावावर वाडी, ही मागणी माथेरानच्या माथ्यापासून खालापूरच्या पठारापर्यंत एकच आहे.

आणि शिक्षकांना एक सांगणे. मुलांना या डोंगरात जरूर आणा. पण प्रत्येकाच्या हाती एक वही द्या आणि भाकरी वाढणाऱ्या बाईशी, घोडा धरणाऱ्या पोराशी, हातरिक्षा ओढून खांदे झिजलेल्या म्हाताऱ्याशी तासभर बोलायला लावा. त्यांची संमती घेऊन त्यांची नावे लिहून घ्या. बोरघाटच्या बेचाळीस हजारांच्या बाबतीत हे काम कोणी केले नाही. आज जिवंत असलेल्यांच्या बाबतीत ते राहून गेले, तर दोष साहेबाच्या लेखणीवर ढकलता येणार नाही.