वणव्यानंतरची शंभर वर्षं

मेलबर्नला आल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही मंडळाच्या सहलीबरोबर मेरीसव्हिलला गेलो होतो. हील्सव्हिल सोडलं की ब्लॅक स्परचा घाट लागतो. दोन्ही बाजूंना माउंटन अ‍ॅशची सरळसोट, उंचच उंच झाडं आणि खाली नेच्यांची दाटी. या डोंगरांतली असंख्य झाडं एका वणव्याची लेकरं आहेत, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

तो वणवा १३ जानेवारी १९३९ चा, 'ब्लॅक फ्रायडे'चा. त्या उन्हाळ्यात व्हिक्टोरियात सुमारे वीस लाख हेक्टर प्रदेश जळाला, ७१ माणसं गेली. बहुतेक आगी माणसानेच लावलेल्या होत्या, असं न्यायमूर्ती लेनर्ड स्ट्रेटन यांच्या आयोगाने स्पष्ट सांगितलं.

इथली बरीच निलगिरीची झाडं जळाली तरी खोडातून पुन्हा फुटतात. माउंटन अ‍ॅशचं तसं नाही. मोठ्या आगीत ते मरतं. पण शेंड्यावरच्या बोंडांतलं बी राखेत पडतं आणि जंगल एकाच वेळी नव्याने उगवतं. या रोपांना बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरा वणवा आला, तर अ‍ॅशच्या जागी वॉटलची झाडी माजते.

७ फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटरडे'ला मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला. १७३ माणसं दगावली. आमचं ते टुमदार मेरीसव्हिल जवळजवळ पूर्ण जळालं. काही वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा डोंगर हिरवे दिसले. मी मुलाला म्हटलं, "बघ, जंगल परत आलं." त्याने शाळेत लेडबीटर्स पॉसमवर प्रकल्प केला होता. तो म्हणाला, "बाबा, झाडं आली, पण पॉसमचं घर कुठे आहे?"

मी निरुत्तर झालो. जेमतेम सव्वाशे ग्रॅम वजनाचा हा प्राणी व्हिक्टोरियाचं राज्यचिन्ह आहे. तो नामशेष झाला असंच मानलं जात होतं. १९६१ साली मेरीसव्हिलजवळच तो पुन्हा सापडला. त्याला तगवलं होतं १९३९ च्या वणव्यानेच! वठलेल्या जुन्या खोडांत राहायला ढोल्या होत्या आणि नव्या वॉटलचा डिंक खायला होता. पण ती खोडं आता कोसळत आली आहेत. बरीचशी तर वणव्यानंतर लाकडासाठी तोडून नेली होती. नवी ढोली तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. १९३९ ची झाडं आता कुठे नव्वदीच्या घरात आली आहेत. २००९ मध्ये या पॉसमच्या अधिवासाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जळाला.

आपल्याकडे म्हणतात, सुक्याबरोबर ओलंही जळतं. ओलं पुन्हा उगवतं. पण इथे सुक्यालाही मोल आहे, हे मला या जंगलाने शिकवलं. १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियाच्या सरकारी नैसर्गिक जंगलांतली व्यापारी लाकूडतोड थांबली, याचा म्हणूनच आनंद वाटतो. उभ्या झाडांना म्हातारं व्हायला आता निदान सवड तरी मिळेल.

पुढच्या सहलीला ब्लॅक स्परवरून जाल, तेव्हा हिरव्या शेंड्यांबरोबर एखादं वठलेलं, भोक पडलेलं खोडही मुलांना जरूर दाखवा. ते कुणाचं तरी घर असेल.