दैव, पुरुषकार आणि स्टॅन्ले चषक

विजय दैवाधीन कीं पुरुषकाराधीन, हा वाद आमच्याकडे फार जुना आहे. तो मिटविण्याचा आमचा संकल्प नाहीं. परंतु उत्तर अमेरिकेंत बर्फावरील हॉकीच्या रूपानें या वादाचा जो प्रयोग शंभराहून अधिक वर्षें चालला आहे, त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें. ही हॉकी ध्यानचंदांची नव्हे. हींत चेंडूऐवजीं रबराची चकती असते, आणि कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं १८९२ सालीं दिलेला चषक हें तिचें परमोच्च पारितोषिक होय.

१९३८ सालचा शिकागोचा संघ पाहा. साखळीच्या ४८ सामन्यांपैकीं त्यानें जिंकले १४, हरले २५. तरीहि बाद-फेऱ्यांत तो कसाबसा शिरला, आणि माँट्रिअल व न्यूयॉर्क यांस मागें टाकून टोरांटोशीं अंतिम झुंजीस उभा राहिला. तेवढ्यांत त्याचा गोलरक्षक कॅरकस याच्या पायाचें बोट मोडलें. ऐन वेळीं आल्फी मूर नांवाचा दुय्यम श्रेणींतील गोलरक्षक उसना आणून उभा केला, आणि त्या उसन्या गड्यानें पहिला सामना ३-१ असा जिंकून दिला! पुढें कॅरकस परतला व चषक शिकागोस गेला. या संघाचा शिक्षक बिल स्टुअर्ट हा बेसबॉलचा पंच. त्याची त्या वर्षीं वाहवा झाली. पुढील हंगाम अर्धा सरतो न सरतो तोंच त्यास निरोप मिळाला, आणि तोच संघ सातांत सातवा आला. स्टुअर्टची बुद्धि एका वर्षांत नाहींशी झाली, असें मानावयाचें काय? इतिहास लिहिणारांची खोड अशी कीं, निकाल हातीं आला म्हणजे त्यास साजेशीं कारणें मागाहून हुडकावयाचीं.

खरें कारण खेळाच्या घडणींत आहे. बास्केटबॉलमध्यें एका सामन्यांत शंभर-शंभर गुण होतात. दैवानें दहा इकडचे तिकडे केले तरी सरस संघ बहुधा तरून जातो. येथें एका बाजूचे गोल सरासरी तीन. चकती कोणाच्या बुटास लागून वळली कीं तिसरा हिस्सा गेला. १९३६ सालीं डेट्रॉइट व माँट्रिअल मरून्स हे संघ नियमित वेळेनंतर आणखी ११६ मिनिटें ३० सेकंद झुंजले, तेव्हां कोठें ब्रुनेटो या नवख्यानें एकमेव गोल केला.

थोडें गणित करूं. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता शेंकडा ५५ धरा. सातांपैकीं चार सामन्यांची एक फेरी तो शेंकडा ६१ वेळां जिंकेल. परंतु अशा चार फेऱ्या ओळीनें जिंकण्याची शक्यता सातांत एक एवढीच उरते. सामन्यागणिक शक्यता ६० केली, तरी ती चारांत एकाच्या आसपासच राहते.

मग कौशल्य व्यर्थ कीं काय? मुळींच नाहीं. माँट्रिअल कॅनेडियन्सनीं १९५६ ते १९६० हीं पांचहि वर्षें चषक नेला. १९७६-७७ सालीं तर साखळीच्या ८० सामन्यांत ते केवळ ८ हरले व चषकहि त्यांनींच राखला. न्यूयॉर्क आयलंडर्सनीं १९८० पासून लागोपाठ १९ फेऱ्या जिंकल्या. फासे इतक्या वेळां एकाच बाजूनें पडत नसतात. परंतु २००५ सालीं संघांच्या वेतनखर्चावर मर्यादा आली, धनाढ्य संघांस उत्तम खेळाडू सांठवितां येईनात, आणि संघांतील अंतर आकुंचित झालें. सारेच कुशल झाले म्हणजे निवाडा दैवाकडे जातो, ही गोष्ट विलक्षण खरी, पण पचावयास जड आहे.

२०१९ सालीं टँपा बेच्या संघानें ८२ पैकीं ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरींत कोलंबसकडून ओळीनें चार हरला. २०२३ सालीं बोस्टननें ६५ विजयांचा विक्रम केला. पहिल्या फेरींत फ्लॉरिडावर ३-१ अशी आघाडीहि घेतली. पुढील दोन सामने गेले. सातव्यांत जेमतेम एक मिनिट उरलें असतां फ्लॉरिडानें बरोबरी साधली व वाढीव वेळेंत बोस्टनचा हंगाम संपविला. तेव्हां ‘दैव’ म्हणून मोकळें होणें सोपें होतें. परंतु त्याच फ्लॉरिडानें २०२४ व २०२५ या दोन्ही सालीं चषक जिंकला. मग २०२३ च्या त्या एका मिनिटास काय नांव द्यावें, हें आम्ही वाचकांवरच सोंपवितों.