व्यसन व व्यसनमुक्तीविषयक चित्रपट

या विषयाची मराठी पूर्वपीठिका राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकात आहे. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान वकील दारूपायी संसाराची राखरांगोळी करतो. सुटकेला वाव उरत नाही. ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) या आचार्य अत्रेलिखित, मास्टर विनायक दिग्दर्शित बोलपटात विषय हसवत मांडला. औषधासाठी ब्रँडी शोधणारा भाबडा कारकून दामुअण्णा मालवणकरांनी अजरामर केला. त्याच वर्षी मुंबईत दारूबंदी लागू झाली. महेश भट्ट यांच्या ‘डॅडी’ (१९८९) या हिंदी चित्रपटात मद्यपी गायक मुलीच्या आधाराने सावरतो. ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८) हा मद्यपी नटावरील मराठी चरित्रपट पुन्हा ऱ्हासाकडेच वळतो. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात चालणारे समुपदेशन, घसरण, पुन्हा उभे राहणे हे संथ, खडतर काम मराठी पडद्याने मात्र फारसे हाताळलेले नाही.