खेळातली अक्षरे : मक्तबाचा एक विसरलेला वारसा

मक्तब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छडी, घोकंपट्टी आणि पुढेमागे डोलत म्हटलेला सबक येतो. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. मुलाला भाषा शिकवायची तर आधी तिच्याशी खेळू द्यावे, हे आपल्या बुजुर्गांना शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होते. त्यासाठी त्यांनी पुस्तके रचली, कोडी घातली, अक्षरांची गणिते बांधली. हा वारसा आम्ही हरवून बसलो आणि त्याची किंमत आमची मुले आज शाळेत मोजत आहेत.

तेराव्या शतकात, आजच्या अफगाणिस्तानातील फराह गावच्या अबू नस्र फराही यांनी ‘निसाबुस्सिब्यान’ नावाचा पद्यकोश रचला. ‘सिब्यान’ म्हणजे मुले. ‘निसाब’ हा शब्द जकातीमुळे आपल्या परिचयाचा आहे : जकात लागू होण्यासाठी पदरी असावी लागणारी किमान संपत्ती, म्हणजे चांदीचे दोनशे दिरहम. फराहींनीही आपला कोश सुमारे दोनशे बैतांचा ठेवला. एवढे शब्द गाठीला आले की मूल शब्दांच्या दुनियेत साहेबे-निसाब झाले! अरबी शब्द आणि त्याचा फारसी अर्थ एकाच ओळीत. शिवाय निरनिराळ्या भागांना निरनिराळी वृत्ते, म्हणजे शब्दांबरोबर तालही अंगात भिनावा.

ही पद्धत हिंदुस्थानात आली तेव्हा तिने इथल्या लोकभाषेशी सोयरीक केली. ‘खालिकबारी’ हा फारसी, अरबी आणि हिंदवी शब्दांची जोडी जुळवणारा पद्यकोश पिढ्यान्‌पिढ्या मक्तबांतून म्हटला गेला. परंपरेने तो अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांच्या नावावर आहे. हाफिज महमूद शीरानी यांनी मात्र तो जहांगीरच्या काळातील झियाउद्दीन खुसरो नावाच्या दुसऱ्याच कवीचा असल्याचे साधार मांडले. कर्ता कोणीही असो, घरात बोलली जाणारी हिंदवी त्याने मक्तबाच्या दाराबाहेर उभी केली नाही. तिला फारसीच्या शेजारी, एकाच ओळीत, मानाने बसवले.

खुसरोंच्या नावावर चालत आलेल्या पहेल्या, मुकऱ्या आणि दोसुखने यांचेही तसेच आहे. शतकानुशतके त्या तोंडोतोंडी फिरल्या, म्हणून त्यांतल्या मूळ किती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. खेळ मात्र अस्सल आहे. मुकरीत बोलणारी वर्णन एकाचे करते आणि ऐन वेळी मुकरते, दुसरेच उत्तर देते. मराठीत ते असे करता येईल : “दिवसभर माझा पिच्छा सोडत नाही, अंधार पडला की दगा देते.” “कोण गं, मैत्रीण?” “छे, सावली!” दोसुखन्यात दोन प्रश्न आणि उत्तर एक. “बुडणाऱ्या पोराचे काय झाले? धड्याचे काय केलेस? — वाचला.” असे एक उत्तर शोधताना मुलाला कळते की एकाच शब्दाच्या पोटात दोन अर्थ नांदू शकतात. व्याकरणाच्या पुस्तकातली व्याख्या दहा वेळा लिहून जे कळत नाही, ते एका हशात कळून जाते.

खुसरोंच्या नावावर असलेले काही दोसुखने तर दुभाषी आहेत : एक प्रश्न फारसीत, दुसरा हिंदवीत आणि उत्तराचा शब्द दोन्हीकडे चालणारा. आमच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे, त्याकडे पुढे वळूच.

अक्षरांचे गणित हा आणखी एक खेळ. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला किंमत असते : अलिफ १, बे २, असे करत हजारापर्यंत. ‘बिस्मिल्ला’चे ७८६ आपण सारेच जाणतो. ‘किताब’ची बेरीज ४२३ येते, ‘कलम’ची १७०. पण ‘कलम’ मोठ्या काफाऐवजी छोट्या काफाने लिहिले तर बेरीज ९० वर घसरते. शुद्धलेखनासाठी रागावण्याची गरजच उरत नाही; चूक हिशेबातच सापडते. बैतबाजीतही शेराचे शेवटचे अक्षर पकडून पुढचा शेर म्हणायचा असतो, म्हणजे कानाबरोबर लिपीही जागी ठेवावी लागते. मराठीतल्या भेंड्या तिच्याच बहिणी.

दख्खनमध्ये हा खेळ मक्तबातून निघून थेट जात्यापाशी पोचला. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दख्खनीतले ‘चक्कीनामे’ रचले गेले. त्यांत जात्याच्या खुंट्याला अलिफाची उपमा दिलेली आढळते. दळणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल यांना पहिले अक्षर हातातल्या लाकडात दिसावे, याहून सुंदर अक्षरओळख कोणती? शेजारच्या घरात त्याच जात्यावर मराठी ओवी चालू असे. त्याही आधी पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात तुर्क दख्खनी बोलतो, हिंदू मराठी बोलतो आणि दोघे एकाच कवितेत भांडून अखेर एकमेकांना उमगतात.

या परंपरेतले एक मोठे नाव मिर्झा गालिबचे. अवघड शायरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या कवीने मुलांसाठी ‘कादिरनामा’ लिहिला, तो १८५६ साली छापला गेला. १८५२ साली त्यांचा लाडका आरिफ ऐन तारुण्यात वारला. त्याच्या पोरक्या मुलांसाठी उतारवयात गालिबने फारसी-अरबी शब्दांचे सोप्या उर्दूतले अर्थ गुंफले. दुःखात बुडालेल्या घरात मुलांच्या हाती काय द्यावे, तर शब्दांचा खेळ!

आता आजचे पाहू. महाराष्ट्रातले मुस्लिम मूल अनेकदा घरी दख्खनी वळणाची बोली किंवा कोकणी बोलते, मक्तबात अरबी अक्षरे गिरवते आणि शाळेत प्रमाण मराठीला सामोरे जाते. ‘मेरेकू’ म्हटले की वर्ग हसतो. एकदा हसे झालेले मूल पुन्हा तोंड उघडत नाही; मग वहीत फळ्यावरचे उतरवून घेणे तेवढे उरते. शिक्षक म्हणतात, यांची भाषा कच्ची. आम्ही म्हणतो, ज्या मुलाच्या कानात तीन भाषा आहेत ते गरीब कसे? २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील बहुभाषिकता ही साधनसंपत्ती मानली. ‘खालिकबारी’ने ते कधीच करून दाखवले होते.

म्हणून तो दुभाषी दोसुखना पुन्हा वर्गात आणावा. आम्ही एक रचून पाहिला : “बारात का क्या हुआ? पहाटे घरात आधी कोण उठते? — आई.” पहिल्या प्रश्नाला घरची बोली उत्तर देते, दुसऱ्याला मराठी. इथे दोन्ही भाषा येणारे मूल पुढे असते आणि मराठीच तेवढी जाणणारे मूल त्याला अर्थ विचारू लागते. मुलांनी असे दहा रचून वहीत लिहिले की ते त्यांचे पहिले स्वतःचे लेखन.

दुसरा खेळ दप्तर उघडून खेळावा. दप्तर, कागद, कलम, शाई, दौत, हजेरी, तारीख : हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन इथलेच झाले. माधवराव पटवर्धनांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ साली निघाला, त्यात असे शब्द ओळीने भेटतात. मराठी लिहिण्याची अवजारेच ज्या शब्दांनी ओळखली जातात, त्यांच्या वारसांना मराठी परकी कशी असेल? हे त्यांना भाषणातून सांगू नये. शब्द शोधायला लावावेत. सापडलेला शब्द मूल विसरत नाही आणि त्या शब्दाबरोबर त्याला वर्गातली आपली जागाही सापडते.