जीपचा पाटा आणि बुशची निवड

१/ दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड यांनी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. भार पडला की कमानीचा पाटा सरळ होऊन लांबतो. म्हणून त्याचे एक टोक झुलत्या शॅकलला जोडलेले असे.

२/ या शॅकलमध्ये आटे पाडलेले धातूचे बुश होते. काही उजव्या आट्यांचे, काही डाव्या. बदलताना गफलत झाली तर आटेच नासत. ग्रीस संपले की चिखल आत शिरे, बुश झिजे आणि पाटा सैल पडे.

३/ १९४८ च्या ब्रिटिश लँड रोव्हरमध्ये पोलादी नळ्यांत घट्ट बसवलेले रबर आले. येथे पृष्ठभाग घासत नाहीत, रबरच पिळले जाते. त्याला ग्रीस नको. मात्र गाडीचा भार चाकांवर असतानाच बोल्ट आवळावा लागतो, अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.

४/ पुढे पॉलियुरेथेन आले: तेलाला दाद न देणारे, पण टणक असल्याने धक्के चौकटीपर्यंत पोहोचवणारे.

५/ १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. अशी जुनी जीप मूळ रूपात जपू पाहणाऱ्याला धातूच्या बुशसोबत नियमित ग्रीस भरण्याची सैनिकी शिस्तही स्वीकारावी लागते.