चावणारी चप्पल आणि बाईचे पाय

आपल्याकडे नवी चप्पल चावते. पुरुषाला चावली तर तो दुकानदाराशी भांडून बदलून आणतो. बाईला चावली तर घरातलेच सांगतात, "चार दिवस घाल, पाय सरावेल." चप्पल दिसायला छान हवी असेल तर त्रास सोसावाच लागतो, हे आपण गृहीतच धरले आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

उंच टाचेचेच बघा. ही टाच मुळात बायकांची नव्हतीच. इराणी घोडेस्वारांना रिकिबीत उभे राहून बाण मारायचा असे. तेव्हा पाय घट्ट बसावा म्हणून जोड्याला टाच होती. १५९९ मध्ये शाह अब्बासने आपले दूत युरोपात पाठवले. पुढे सतराव्या शतकात तिथल्या सरदारांनी ही टाच उचलली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे घालायचा. मग बायकांनीही ती घेतली. अठराव्या शतकात पुरुषांनी टाच सोडली, बायकांच्या पायात ती राहिली. म्हणजे जी वस्तू सोयीसाठी जन्मली, तिची सोय गेली आणि तोरा तेवढा उरला. २०१९ मध्ये जपानमधल्या बायकांनी ऑफिसात टाचेचे बूट घालण्याच्या सक्तीविरुद्ध चळवळ उभी केली, ती याच वारशाविरुद्ध.

आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तर फार पूर्वीच सापडले होते. कोल्हापुरी चप्पल घ्या. सपाट तळ, बोटांना मोकळी जागा, अंगठ्याला आधार, वर चामड्याची वेणी. शोभाही आहे आणि चालताही येते. नवी असताना थोडी कडक लागते, पण चामडे हळूहळू पायाचा आकार घेते. इथे चप्पल पायाला सरावते, पायाला चप्पलेपुढे झुकावे लागत नाही.

ही चप्पल बनते कशी? कातडे आधी चुन्याच्या पाण्यात भिजवतात, म्हणजे केस सुटतात. मग बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते कमावतात. हे वाचताना मला माझे राजूर आठवते. वणी तालुक्यातले हे गाव कोळशाचे आणि चुनाभट्ट्यांचे. इथला चुना कुठे कुठे जातो ते मी सांगू शकत नाही, पण भट्टीवर दगड वाहणाऱ्या बायांच्या पायात काय असते ते रोज दिसते: झिजलेली रबरी चप्पल. तिच्यात शोभाही नाही आणि आरामही नाही. छान की आरामदायी, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

अनेक गावांत तर एके काळी चप्पल घालण्याचीच मुभा नव्हती. दलित बाईला सवर्णांच्या आळीतून जाताना वहाण काढून हातात घ्यावी लागे. ज्या समाजाने सगळ्यांच्या वहाणा शिवल्या, त्याच समाजाच्या बायकांचे पाय उघडे ठेवले गेले. शिवाय कोल्हापुरीची वेणी विणणे, शिवण घालणे अशी नाजूक कामे बहुतेक बायकाच करतात. नाव मात्र कारागीर पुरुषाचे किंवा दुकानाचे होते.

या धंद्यात आपलाही धागा आहे. कातड्याच्या व्यापारात मुस्लिम आणि कमावण्याच्या कामात दलित, अशी ही जुनी साखळी. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा या साखळीच्या दोन्ही टोकांना झळ बसली. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचा उल्लेख आला.

मग माझ्या बहिणींनी, मुलींनी चप्पल निवडावी कशी? संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हाचे माप खरे. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचे माप घ्या. बोटे दाबली जात असतील तर रंग कितीही आवडो, ठेवून द्या. टाच हवीच असेल तर रुंद आणि कमी उंचीची घ्या. दुकानात दहा पावले चाला, सतरंजीवर नको, फरशीवर. आणि कुणी "सरावेल" म्हणाले तर दुसरा जोड मागा.

लग्नात नटायचे असो की शाळेत शिकवायला जायचे असो, छान दिसणे हा बाईचा हक्क आहे. दिवसभर न दुखता चालणे हाही तिचाच हक्क आहे. चप्पल घेताना तिला या दोनांतले एक सोडायला सांगू नका. आणि पुढच्या वेळी घरात चप्पल घ्यायची असेल, तेव्हा भट्टीवरून परतणाऱ्या बाईचे पायही एकदा बघा.